श्रद्धेवाचून दिलेला आशीर्वाद

ज्या श्रद्धेतून एखादा वाक्प्रचार जन्मला ती श्रद्धा नसलेल्या माणसाने तो उच्चारल्यास ते असत्यभाषण ठरते काय, हा धर्म आणि भाषा या दोहोंशी निगडित असलेला प्रश्न जपानमधील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांपुढे अगदी साध्या शब्दांतून उभा राहतो. शिंकणाऱ्याला उद्देशून म्हटले जाणारे ‘ब्लेस यू’ हे वाक्य वरवर आज्ञार्थी भासते. वस्तुतः ‘गॉड’ हा कर्ता त्यातून गळलेला असून ‘ईश्वर तुझे कल्याण करो’ अशी इच्छा त्यात व्यक्त होते. ‘गुडबाय’ हे रूपही ‘ईश्वर तुमच्यासोबत असो’ या अर्थाच्या जुन्या वाक्याचा संक्षेप होय. ज्या देशात ख्रिस्ती धर्माच्या बंदीचे जाहीर फलक 1873 पर्यंत उभे होते, तेथे ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही.

जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला, 1942 मध्ये तोक्योत प्रकाशित झालेला इंग्रजी कोश शब्दाच्या अर्थाबरोबरच तो कोणत्या वाक्यरचनेत योजावा हेही शिकवतो. शब्दाच्या प्रत्यक्ष योजनेला असे महत्त्व देणारी दृष्टी तत्त्वज्ञानातही आढळते: बहुतेक ठिकाणी शब्दाचा अर्थ म्हणजे भाषेतील त्याचा वापर, असे लुडविग विट्‌गेनश्टाइन यांनी 1953 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादिले. तथापि आशीर्वादाच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही, कारण वापर अचूक असूनही आशीर्वाद पोकळ असू शकतो. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्यांना कृतिरूप उच्चार म्हटले, म्हणजे ज्या बोलण्यानेच एखादी कृती घडते, त्यांत वचन, क्षमायाचना आणि आशीर्वाद यांचा समावेश होतो. अशा उच्चारांना खरेखोटेपणाची नव्हे, तर प्रामाणिकपणाची कसोटी लागते. ‘ब्लेस यू’ आज ज्या प्रसंगी म्हटले जाते, तेथे हा प्रामाणिकपणा ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या मतावर नव्हे, तर समोरच्याच्या कल्याणाविषयीच्या आस्थेवर अवलंबून असतो.

हा विचार जपानी विद्यार्थ्याला परका नाही. जेवणापूर्वी ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हणणारा, किंवा कुशल विचारल्यावर ‘ओकागेसामा दे’, म्हणजे ‘आपल्या कृपेने’, असे उत्तर देणारा माणूस कोणताही पंथ मानत नसला, तरी त्याची कृतज्ञता खोटी ठरत नाही, आणि त्या कृपेच्या कल्पनेमागील देवदेवता व बुद्ध यांच्या आश्रयाची जुनी जाणीवही त्यामुळे पुसली जात नाही. म्हणून अध्यापकाने प्रसंग आणि उगम ही दोन्ही अंगे समजावून द्यावीत: उगम लपवल्यास विद्यार्थी त्या भाषेच्या धार्मिक वारशाला मुकतो, आणि उगमालाच संपूर्ण अर्थ मानल्यास साध्या सौजन्यालाही धर्मनिष्ठेची अट लागते. श्रद्धा ही आशीर्वादाची जननी असली, तरी त्याच्या सत्यतेची अट म्हणजे सद्भाव, आणि सद्भाव कोणत्याही धर्माच्या माणसाला परभाषेतही तितक्याच खरेपणाने व्यक्त करता येतो.