दिव्याचे मोल कोणी द्यावे?

खानवेलवरून दुधनीला उतरले की दमणगंगेचे अडविलेले पाणी समोर पसरलेले दिसते. मधुबन धरणाचा हा जलाशय. भोवतालच्या टेकड्यांवर वारली, कोकणा ह्यांचे पाडे विखुरलेले आहेत. एका संध्याकाळी आम्ही होडीतून परतत असताना पलीकडच्या काठावर एकेक दिवा लागू लागला. सोबत माझे एक कारखानदार अशील होते. ते सहज म्हणाले, "एवढ्या चार घरांसाठी वीज आणणे परवडते तरी कसे?"

प्रश्न व्यवहाराचा होता. मला मात्र तो नीतीचा वाटला. 'परवडणे' हा शब्द आपण नेहमी कोणाच्या तरी वहीत पाहून उच्चारतो. ह्याच धरणाचे पाणी सिल्वासा-वापीच्या कारखान्यांना मिळते. त्यापायी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांची वही कोणी उघडीत नाही.

वीज देण्याची सर्वमान्य रीत पाहावी. एकाच वर्गातील ग्राहक उपकेंद्राशेजारी राहो की दहा कोसांवर, युनिटचा दर त्याला एकच पडतो. पोस्टाच्या तिकिटाचा न्याय तोच: पत्र शेजारच्या गल्लीत जावो वा डोंगरात, तिकीट तेवढेच. अंतराचा भार सर्वांमध्ये वाटला जातो, आणि त्याला कोणी भीक म्हणत नाही. पण जेथे तार पोहोचत नाही आणि सूर्याच्या किंवा ओढ्याच्या बळावर पाड्यापुरती वीज करावी लागते, तेथे हा न्याय एकाएकी थांबतो. यंत्र, बॅटऱ्या, दुरुस्तीस येणाऱ्या माणसाची वाटखर्ची, सारा भार त्या तीस-चाळीस घरांवरच पडतो. नागरिक तोच, खांब आला तर त्याचे अंतर सर्वांचे, न आला तर एकट्याचे.

हे कल्पनेतले नाही. नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावात २००३ साली ग्रामस्थांनी श्रमदानाने, केरळातील अभियंत्यांच्या साहाय्याने, सुमारे १५ किलोवॅटचे जलविद्युत केंद्र उभारले. २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते बुडविले. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ साली ३९ घरांसाठी सुमारे ९.४ किलोवॅटचा सौरसंच उभा राहिला. भांडवल देणगीतून आले; पुढे गावाचा न्यास घराघरांतून वीजबिल घेऊ लागला.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. फुकट मिळालेला दिवा लवकर विझतो. सौरपत्रा पंचवीस वर्षे टिकतो, शिशाची बॅटरी मात्र पाच-सात वर्षांत बदलावी लागते. त्या दिवशी गाठीला पैसा नसेल तर छपरावरचा पत्रा शोभेपुरताच उरतो. म्हणून लोकांनी बिल भरावे, हे मला मान्य आहे. दरेवाडीचा धडा तोच आहे. परंतु बिल भरणे निराळे आणि डोंगराचा दंड भरणे निराळे. शहरातला माणूस जो दर देतो तो पाड्यानेही द्यावा. वरची तूट सर्वांच्या खात्यातून भरून निघावी.

तार न्यावी की सौरसंच बसवावा, हे खुशाल खर्च पाहून ठरवावे. स्वस्त साधन निवडण्याचा अधिकार सरकारला आहे. स्वस्त साधनाबरोबर हलका हक्क देण्याचा नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे सहावे कलम खेडी व पाडे ह्यांसह सर्व भागांत वीज पोहोचविण्याचा भार केंद्र आणि राज्य सरकारांवर ठेवते. चौदावे कलम अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटणाऱ्यास परवान्यातून मोकळे करते. सूट योग्यच आहे. पण लोकांना मोकळीक दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा तिचा अर्थ लावला जाऊ नये. मोकळीक म्हणजे भांडवल नव्हे.

होडी काठाला लागली तेव्हा मी अशिलांना एवढेच विचारले, "आपल्या कारखान्याला मिळणारे पाणी कोणाकोणाला परवडले, ह्याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?" ते काही बोलले नाहीत. मीही आग्रह धरला नाही. कारण त्या रात्री घरी परतून बटण दाबले, तेव्हा तो प्रश्न मलाही लागू आहे हे ध्यानात आले.