भक्ताचा आवाज, शेजाऱ्याची भिंत

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना कृष्णाने एकाच श्लोकात दोन गोष्टी जोडल्या आहेत. ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांमुळे ज्याला त्रास होत नाही, तो मला प्रिय. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या सणांच्या आवाजावरचा वाद या श्लोकापाशी आणून तपासायला हवा. या वादात श्लोकाचा दुसरा भाग हमखास ऐकवला जातो, आणि तो नेहमी समोरच्याला. ‘वर्षातले चार दिवस देवाचे, जरा सहन करा.’ सहनशीलता थोर खरीच, पण ती ज्याने त्याने स्वतः अंगी बाणवायची असते, शेजाऱ्याकडून वसूल करायची नसते. ‘मी कुणाला त्रास देणार नाही’ हा आपल्या वाट्याचा भाग सोडायचा आणि ‘तू त्रास मानू नकोस’ हा भाग त्याच्या माथी मारायचा, याला भक्ती म्हणवत नाही. ज्ञानेश्वरांनी इथे समुद्र आणि जलचरांचा दृष्टान्त दिला आहे: समुद्राला उधाण आलं तरी जलचरांना त्याचं भय नाही आणि समुद्रालाही जलचरांचा उबग नाही. एकमेकांना सोडून जाता येत नाही अशांच्या सहवासाचा हा दृष्टान्त आहे. दहा बाय बाराच्या खोल्या, मधली सामाईक भिंत आणि सर्वांची एकच गॅलरी असलेल्या चाळीला तो जसाच्या तसा लागू पडतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. आपला देव मुक्याने पुजला गेलेला नाही. टाळ-मृदंग, शंख, आरतीच्या झांजा, ढोल-ताशा हे सगळं आपलंच आहे. पण त्या नादाला एक मर्यादा असे. कीर्तनकाराचा घसा बसतो, ताशेवाल्याचे हात भरून येतात, आणि कीर्तनाला बसलेला माणूस आपल्या पायांनी आलेला असतो. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला तेव्हा ध्वनिवर्धक जन्मालाही आला नव्हता, आणि उत्सवात काही उणं आहे असं कुणालाही वाटलं नव्हतं. स्पीकरच्या भिंतीला घसा नाही, थकवा नाही. शिवाय डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. निवासी भागात दिवसा 55 ची मर्यादा आहे. तिथे 95 डेसिबल म्हणजे दहा हजारपट तीव्रता. हाताने वाजवलेल्या झांजेची परंपरा सांगून याचं समर्थन होत नाही. आणि परंपराच काढायची तर मनुस्मृतीने मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला जप श्रेष्ठ आणि मनातला त्याहून श्रेष्ठ ठरवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, आणि काल राहायला आलेले लोक आज गिरणगावाला शांतता शिकवतात. लालबागचा राजा 1934 पासून बसतो. तो त्या टॉवरांच्या कितीतरी आधीचा. या रागात तथ्य आहे. पण आवाजाचा मार नेमका कुणाला बसतो ते पाहिलं पाहिजे. विसाव्या मजल्यावरचा माणूस काच ओढून एसी लावतो. बेसच्या ठोक्याने ज्याच्या खोलीतली मांडणीवरची भांडी वाजतात, तो मंडपाला लागून असलेल्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहतो. बाळंतीण तिथे आहे, रात्रपाळी करून आलेला आहे, हृदयविकाराचा म्हातारा आहे. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्णालयाभोवतीचे 100 मीटर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, पण आजारी माणसं त्या 100 मीटरांपुरतीच राहत नाहीत. चाळीतला हा माणूस तक्रार मात्र करत नाही. त्याच्या घरी मयत झालं तर रात्री तीन वाजता तिरडी बांधायला मंडळाचीच पोरं येणार असतात. ज्यांचे उपकार उद्या घ्यायचे त्यांना आज ‘आवाज कमी करा’ कसं सांगायचं? त्याचं गप्प बसणं हा होकार नव्हे, हे मंडळांना समजत नसेल असं मला वाटत नाही.

‘मग मशिदींवरच्या त्यांच्या भोंग्यांचं काय?’ हा प्रश्न लगेच येतो. उत्तर सोपं आहे: नियम त्यांनाही तोच. कोणताही धर्म इतरांची शांतता मोडून प्रार्थना करायला सांगत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटलं ते मद्रासमधल्या एका चर्चच्या खटल्यात. ध्वनिवर्धक हा कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पुन्हा सांगितलं. दुसऱ्याने चूक केली म्हणून आपल्या चुकीचं पुण्य होत नाही.

आवाज काढून घेतला तर उत्सवाचा जीवच जाईल, ही भीती मात्र प्रामाणिक आहे. तिचं उत्तर लालबागनेच 2020 मध्ये दिलं. करोनाच्या त्या वर्षी राजाची मूर्ती बसली नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान झालं. ती भक्ती उणी होती असं म्हणायला कोण धजेल? दरवर्षी मूर्ती बसवू नका असं कुणीही म्हणत नाही. मिरवणूक निघावी, ढोल वाजावा, आरतीला गल्ली भरावी. वर्षातले ठरावीक दिवस रात्री 12 पर्यंत सवलत द्यायची सोयही नियमांत आहे. उच्च न्यायालयाने 2025 च्या त्याच निकालात तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा असं पोलिसांना सांगितलं, कारण शेजारात नाव फुटलं की काय होतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण तक्रार पोलिसांपर्यंत जावीच का लागावी? वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते प्रत्येक दारात जातातच. त्याच फेरीत घरात कोण आजारी आहे, कुणाचं तान्हं मूल आहे, कुणाची परीक्षा आहे हे विचारून पावतीच्या मागे लिहून घ्यावं, आणि स्पीकर कुठल्या भिंतीकडे तोंड करून लावायचे, किती वाजता बंद करायचे, हे मंडळाच्या बैठकीत त्या पावत्या समोर ठेवून ठरवावं.