नदीची माणसे

ज्या रोगाचे मूळ ताटात असते, त्याचा दोष जेवणाऱ्याच्या माथी मारणे सोपे जाते. खादाडपणाची गणना सात प्रमुख पापांत करावयास आम्ही शिकलो आहोत. त्यामुळे मधुमेह व लठ्ठपणा यांविषयी बोलताना उपदेशाचा सूर सहज लागतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील अकिमेल ओओधाम या आदिवासी जमातीचा इतिहास वाचला, की तो सूर घशातच अडकतो.

या नावाचा अर्थच ‘नदीची माणसे’. हीला नदीचे पाणी पाटांनी खेळवून ही माणसे वाळवंटात मका, भोपळा आणि टेपरी नावाचा घेवडा पिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसाहत करणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळविले. शेते करपली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी शिधा आला: मैदा, चरबी, साखर. १९६५ पासून झालेल्या पाहणीत पस्तिशीपुढील सुमारे निम्म्या स्त्रीपुरुषांस मधुमेह असल्याचे आढळले. मेक्सिकोच्या डोंगरांत शेतीवर राबणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत हे प्रमाण कितीतरी कमी निघाले. मग पाप कोणाचे?

पाप दुसऱ्याचे म्हटले तरी पथ्य रोग्यालाच पाळावे लागते, हे खरेच. म्हणून अशा जमातींसाठी त्यांच्या संस्कृतीस साजेसे कार्यक्रम आखावेत, असे आता सर्वत्र म्हटले जाते. परंतु संस्कृती कोणती? शिध्याच्या मैद्याची तळलेली रोटी आज कित्येक घरांत आजीच्या हातचा प्रेमाचा घास झाली आहे. तिला ‘परकी’ ठरविण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या आहारतज्ज्ञाला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळील काहनावाके या मोहॉक वस्तीत १९९४ साली शाळांतून मधुमेह-प्रतिबंधाचे कार्य सुरू झाले. मुलांना या रोगापासून वाचवा, ही मागणी वडीलधाऱ्यांची होती. संशोधकांनी कसे वागावे, जमविलेली माहिती कोणाची, याचेही नियम वस्तीने सहभागी होऊन ठरविले. आठ वर्षांनी मोजमाप झाले, तेव्हा आरंभी दिसलेला लाभ टिकला नव्हता. तरीही वस्तीने ते कार्य सोडले नाही. हिशेबी मनुष्य याला हट्ट म्हणेल. आम्हांस त्यात वेगळेच काही दिसते: परंपरा त्यांच्या लेखी कडू औषधाबरोबर चाटावयाचे अनुपान नव्हती, की गुण न आल्यास ती बदलावी.

अर्थात रोग हटतच नाही असे नाही. अमेरिकेत १९९७ पासून आदिवासींच्या मधुमेहासाठी स्वतंत्र निधी मिळू लागला. औषधोपचार आणि वस्तीवस्तीतील कार्य यांची जोड मिळाली. १९९६ ते २०१३ या काळात मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले.

नदीच्या माणसांचा पाण्यावरील हक्क २००४ च्या कायद्याने मान्य झाला. मिळालेले बरेचसे पाणी हीलेचे नाही. दूरच्या कोलोरॅडो नदीतून ते कालव्याने येते. त्यांच्या भूमीवर आज टेपरी घेवडा पुन्हा पिकतो आहे.