'हबशी' : ओळख की अवहेलना?



सावळ्या मुलाला 'हबशी' अशी हाक आपल्या मोहल्ल्यांत सहज मारली जाते. हाक मारणारा म्हणतो, "थट्टा केली." ही थट्टा नेमकी कोणाची होते, याचा विचार व्हावा.

अरबीत 'हबश' म्हणजे आजच्या इथिओपियाचा परिसर. तेथील रहिवासी तो हबशी. मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा, इ.स. ६१५ च्या सुमारास, श्रद्धावंतांनी याच देशात आश्रय घेतला. तेथील राजा नजाशी यांच्या निधनानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत त्यांची जनाज्याची नमाज अदा केली. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हबशीच. आपला बीडचा परिसर ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे, तिचा आधारस्तंभ मलिक अंबर (मृत्यू १६२६) हाही गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. दख्खनेतील हबशांना लाभलेले 'सिद्दी' हे नाव तर 'सय्यिदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून आले असे मानतात.

मग शब्द निर्दोष असताना गुन्हा कशात? 'बिलाल हबशी' म्हणताना आपण माणसाचा देश सांगतो. मुलाला 'हबशी' म्हणताना त्या देशाच्या नावाने त्याच्या रंगातील उणेपणा सांगतो. एकाच शब्दाने एक मूल आणि एक संपूर्ण लोकसमूह, दोघेही हिणवले जातात.

सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांना वाईट नावे ठेवण्याची मनाई आहे आणि तौबा न करणाऱ्यांची गणना अत्याचाऱ्यांत केली आहे. तेराव्या आयतीत राष्ट्रे व कबिले परस्परांच्या ओळखीसाठी आहेत, असे स्पष्ट केले आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की, तुमच्यात अद्याप अज्ञानकाळाचा अंश उरला आहे. एवढ्या थोर साथीदारालाही सूट मिळाली नाही.

थट्टेचा हेतू बोलणाऱ्याच्या मनात राहतो. घाव मात्र ऐकणाऱ्याला सोसावा लागतो. स्थळ पाहताना हाच शब्द कुजबुजला जातो आणि एखाद्या मुलीचा विवाह अडतो, तेव्हा ती थट्टा उरत नाही. आपल्या समाजाला कोणी हिणकस नाव ठेवले की आपण न्याय मागतो. तो मागण्याचा नैतिक अधिकार आपल्या घरातील भाषेतूनच सिद्ध होतो. म्हणून मुलांना हा शब्द वर्ज्य करण्याआधी हजरत बिलालांची (रजि.) कथा सांगा, आणि ज्याला हिणवले असेल त्याची क्षमा मागा.