ओल आधी ओळखावी

अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना
भाद्रपद

चि. भाच्यास,

ताई परवा फोनवर सांगत होती, संभाजीनगरच्या तुझ्या खोलीत छताला ओल आली, कपाटाची फळी फुगली आणि मालक म्हणतो, अनामतीतून कापून घेणार. तूही चिडून बोललास म्हणे, 'मग पुढच्या महिन्याचं भाडंच देत नाही.' दोघंही घाई करताय. फोनवर तू निम्मं ऐकतोस, म्हणून लिहितोय.

आपला जुना माळवदाचा वाडा तुला अर्धवटच आठवत असेल. त्यातल्या रस्त्याकडच्या दोन खोल्या मी शाळेच्या गुरुजींना भाड्याने दिल्या होत्या. कागद काही नव्हता, पण रीत ठरलेली. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची ती मालकाने. पावसात उंदराच्या बिळातून धार लागली, तर वर चढून बोळा कोंबायचा राहणाऱ्याने, आणि सकाळी मालकाच्या कानावर घालायचं. एका वर्षी पेरणीच्या गडबडीत माझं माती टाकायचं राहिलं. गुरुजींनी दोनदा आठवण केली, मी 'बघू' म्हणालो. आर्द्रात एका रात्री दोन तुळयांच्या मधून पाणी उतरलं ते नेमकं त्यांच्या पेटीवर. सकाळी गेलो तर मुलांचे पेपर दोरीवर वाळत होते, शाई फुटून निळी झालेली, मार्कांचे लाल आकडे तेवढे कुठे कुठे दिसत होते. आणि मी काय म्हणालो? 'पेटी भिंतीकडे सरकवायची की, गुरुजी.' त्या महिन्याचं भाडं मी घेतलं नाही, तेही तुझ्या आजीने दटावल्यावर.

तेव्हा मालक कसं बोलतो ते मला माहीत आहे. त्याच्याशी भांडण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघ. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मार आणि बाजूला तारीख लिही. पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि डाग आकसला, तर बहुधा गच्ची गळतेय. कोरड्या दिवसातही रेघेच्या बाहेर गेला, तर पाइप. दोन्ही मालकाची कामं. इमारत सोसायटीची असेल तर गच्ची सोसायटीने करायची, पण तिच्या मागे लागायचं मालकाने. मात्र तुझ्या वॉशिंग मशिनची नळी सुटली किंवा नळ उघडा टाकून तू गावाला आलास, तर फळी तुझ्या खिशातून. आणि ओल दिसूनही दोन महिने गप्प बसला असशील, तर मालक तुझ्याकडे बोट दाखवणारच. त्यात त्याचं फार चुकणारही नाही.

आता भाड्याचं. शहरात 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो, 31 मार्च 2000 पासून. त्याच्या 14व्या कलमात, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने रास्त मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना 8,000 असेल तर वर्षाला 24,000 च्या पुढे नाही. पावत्या जपायच्या, हिशेब त्यांच्यावरच ठरतो.

पण थांब. तू अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतोस. कायद्याच्या लेखी तू भाडेकरू नाहीस, परवानगीने राहणारा आहेस. त्यामुळे हे कलम दाखवून भाडं कापायला जाशील तर फसशील. तुझं सगळं करारातल्या दुरुस्तीच्या ओळीवर आहे, ती आज वाच. करार नोंदवलेला आहे का तेही बघ. नोंदवून घेणं मालकाची जबाबदारी आहे. त्याने नोंदवला नसेल, तर वादात अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, तुझं म्हणणं धरलं जातं.

मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे आपल्या गावाचं नाव 2023 मध्ये देशभर झालं, पण हा भाडे कायदा काही वेशीच्या आत आलेला नाही. तो कायद्याच्या यादीतल्या ठिकाणांपुरताच. इथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं 108वं कलम सुरूच होतं ते करार किंवा स्थानिक रिवाज वेगळा नसेल तर, असं म्हणून. इंग्रजाने माळवदावरच्या मातीलाही जागा ठेवली होती म्हणायची! रिवाज मोडणारा मीच निघालो.

तर असं कर. फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, शिवाय कागदावर चार ओळी लिहून दे आणि दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही घे. प्लंबरला दोघांच्या समोर बोलाव. भाडं वेळेवर टाक. फळीचं भांडण प्लंबर काय सांगतो ते ऐकून मग.

पोळ्याच्या बाजारात गुरुजी भेटले. आता अंबडला असतात. 'माळवद आहे का अजून?' विचारलं. म्हटलं, पाडलं, स्लॅब टाकला. 'गळतो का?' म्हणाले. म्हटलं, गळतो.

तुझा,
मामा