अक्षर कुणाच्या डोळ्याचं?

इमारतीच्या नकाशात सगळंच आक्रसतं. १:१०० च्या नकाशात दहा मीटरची भिंत दहा सेंटिमीटरवर येते आणि तीन मीटरची खोली तीन सेंटिमीटरवर. अक्षराला मात्र ही सवलत नाही. भिंतीचं माप जागेवरून ठरतं, अक्षराचं वाचणाऱ्याच्या डोळ्यावरून.

हाताने नकाशे काढायचे दिवस होते तेव्हा हे वेगळं सांगावं लागत नसे. ड्राफ्ट्समन स्टेन्सिल ठेवून ट्रेसिंगवर लिहायचा, त्यामुळे जेवढं लिहिलं तेवढंच दिसायचं. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि इमारत पडद्यावर खऱ्या मापात काढता येऊ लागली. मग कागदावर अडीच मिलिमीटरचं अक्षर हवं असेल तर १:१०० साठी ते नकाशात २५० मिलिमीटर उंच लिहावं लागतं, म्हणजे खोलीच्या फरशीवर वीतभराहून मोठं अक्षर आडवं पडलेलं असतं. तोच नकाशा १:५० वर काढायचा तर १२५. स्केल बदललं की सगळी मापं पुन्हा बसवायची. ऑटोकॅडच्या २००८ च्या आवृत्तीत ॲनोटेटिव्ह अक्षरांची सोय आली आणि हा हिशेब सॉफ्टवेअर करू लागलं. रेव्हिटमध्ये तर अक्षराची उंची कागदावरचीच सांगायची असते.

हिशेब सुटला, पण कागद कुठला आणि तो कुणाच्या हातात जाणार, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. ऑफिसात ए१ वर सुबक दिसणारा नकाशा साइटवर जातो तो बहुतेक वेळा ए३ वर, निम्म्या मापात. अडीचचं अक्षर सव्वा मिलिमीटरचं होतं. तांत्रिक लेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातली अक्षरांची उतरंड २.५, ३.५, ५, ७ अशी आहे. प्रत्येक पायरी मागचीच्या सुमारे १.४ पट, आणि ए३, ए२, ए१ या कागदांच्या लांबी-रुंदीतही हेच प्रमाण. ए१ वर पाचचं लिहिलं, तर ए२ वर ते साडेतीनचं आणि ए३ वर अडीचचं उरतं. नकाशा पुढे लहान होणार, हे गृहीत धरूनच ही उतरंड रचलेली आहे. आपल्याकडे ती सर्रास विसरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

रत्नागिरीत हे विसरणं जास्त महागात पडतं. इथलं काम पावसाच्या आधी जोत्यावर आणायची घाई असते. जांभ्याची लाल धूळ कागदाच्या घड्यांमध्ये बसते, आणि पहिली सर आली की इंकजेटची शाई फुटते. चाळिशी लागलेला मिस्त्री नकाशा हातभर लांब धरतो. तेवढ्या अंतरावरून सव्वा मिलिमीटरचे इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतात. जोतं ६०० घ्यायचं की ८००? जिथे अंगणातून पाणी वाहतं तिथे हा फरक पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात घरात दिसतो.

यावर हल्ली उत्तर मिळतं, की पीडीएफ मोबाइलवर आहे, मोठं करून बघा. आकडा मोठा होतो खरा, पण तो कुठल्या भिंतीचा हे पडद्याबाहेर जातं. नकाशा म्हणजे आकडा आणि त्याची जागा, दोन्ही एका नजरेत. परवानगीसाठी ऑनलाइन तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षर केवढंही चालतं, त्याला लेअर नीट लागतात. त्याचं समाधान झालं म्हणजे नकाशा वाचनीय झाला, असं मानणं चूक आहे.

माझं म्हणणं असं, की साइटचा नकाशा वेगळा काढावा, ए३ साठीच. त्यावर साडेतीनपेक्षा लहान अक्षर नको, आणि सूचना मराठीत असाव्यात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, खाली उकार. त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षराला जागा कमी उरते. अडीचमध्ये ‘कु’ आणि ‘कृ’ एकच होऊन बसतात.

अक्षर मोठं केलं की नकाशात जागा पुरत नाही, अशी तक्रार येणारच. मग सोफा, पलंग, फरशीच्या रेघा आणि तीच ती छापील टिपणं काढावी लागतील. जोत्याची उंची, खांबाचे मध्य, छज्ज्याची रुंदी, उतार कुठल्या बाजूला, हे राहील. एवढं निवडायला वेळ लागतो, आणि तो वेळ नकाशा काढणाऱ्यानेच द्यायचा आहे.