वयच झालंय

बोईसरच्या एका दवाखान्याबाहेर ऐकलेलं वाक्य डोक्यातून जात नाही. आईला रात्र-रात्र झोप नाही, जेवण नको, बोलणं नको, असं सांगून मुलानेच निकाल देऊन टाकला, "वयच झालंय आता."

गुडघ्याबद्दलही आपण हेच म्हणतो, पण निदान एक्स-रे तरी काढतो. वयाने चाल मंदावते, नावं आठवत नाहीत. जगणंच नकोसं होणं हे मात्र वयाचं काम नव्हे, तो आजार असू शकतो.

माझे एक स्नेही हे मानत नाहीत. त्यांच्या मते घर भरलेलं असलं की मानसोपचाराची गरजच नाही. भरलेलं म्हणजे कधी? 2013 साली लोकल डहाणूपर्यंत पोचली. सोय झाली, खरंच झाली. पण पालघरची सकाळ गाडीच्या वेळापत्रकाला बांधली गेली. मुलगा एमआयडीसीतून रात्रपाळी करून येऊन झोपलेला, सून विरारकडच्या गाडीत. घराला राखण मिळते, आजीला सोबत नाही. शिवाय सोबतीनेच नैराश्य बरं होत असतं, तर कुठल्याही एकत्र कुटुंबात कुणी खंगलं नसतं.

तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ हवा, असंच मी म्हणणार होतो. पण अक्करपट्टी आणि पोफरण आठवली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी ही गावं उठली. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराची झोप उडाली असेल, तर नुसत्या गोळीने काय होणार? स्नेह्यांचं एवढं खरं, की प्रत्येक दुःख डॉक्टरकडे न्यायचं नसतं.

मधली वाट मला गोव्यात झालेल्या ‘दिल’ नावाच्या प्रयोगात दिसली. नैराश्याची सौम्य लक्षणं असलेले साठीपुढचे 181 जण त्यात होते. निम्म्यांकडे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं जात. अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेह सांभाळायला शिकवत. सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत करत. 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात ही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे 4 टक्क्यांना पूर्ण नैराश्य आलं, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत 14 टक्क्यांना. अडलेली पेन्शन सुरू करून देणं हाही उपचाराचा भाग असू शकतो, हे मला पटलं.

म्हणून आता माझी मागणी बदलली आहे. आधी गावोगाव अशी माणसं हवीत, आणि पगारावर. आशाताईंच्या हातात आणखी एक रजिस्टर देऊन हे भागणार नाही. तज्ज्ञ लागेलच, पण ज्यांचा आजार सौम्य राहिलेला नाही त्यांच्यासाठी. आणि तो जिल्ह्यातच भेटायला हवा. जव्हार-मोखाड्याच्या म्हातारीला त्यासाठी ठाणं गाठायला लावणं म्हणजे तिला घरीच बसवणं.